कारखान्यातली गुप्तहेर : सीलिया फ्रेमलिनची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टी म्हटलं की रणगाडे, विमानं, नकाशावरचे बाण हे सगळं आलंच. आज त्यातलं काहीच नाहीये. आज इंग्लंडमधला एक कारखाना आहे, मशीनवर बसलेल्या मुली आहेत आणि एक घड्याळ आहे. त्या मुलींच्यातच एक बाई बसलीये. तीही त्यांच्यासारखंच काम करतेय, पण कोण काय बोलतं, कोण कधी कंटाळतं, कोणाची नजर किती वेळा घड्याळाकडे जाते, हे सगळं टिपून ठेवतेय.

ती जर्मनांची हेर नाहीये. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी ती एक सस्पेन्स कादंबरी लिहिणार आहे आणि त्या कादंबरीला अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळणार आहे. रहस्यकथांच्या जगात या पुरस्काराला फार मान आहे. तिचं नाव सीलिया फ्रेमलिन. आपल्याकडे हे नाव जवळजवळ कोणालाच माहीत नाही. अगाथा ख्रिस्ती मात्र सगळ्यांना माहीत, म्हणून सुरुवात तिथून करू.

१९४१ साली ख्रिस्तीबाईंची ‘एन ऑर एम?’ नावाची कादंबरी आली. समुद्रकाठचं एक बोर्डिंग हाऊस, तिथे राहणारी साधी दिसणारी माणसं आणि त्यांच्यातच कोणीतरी शत्रूचा हस्तक. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये ही भीती घरोघरी होती. फुगास नावाच्या व्यंगचित्रकाराची सरकारी पोस्टर्स बघा. बसमध्ये दोन बायका गप्पा मारतायत आणि मागच्या सीटवर हिटलर कान देऊन बसलाय! बोलू नका, शत्रू ऐकतोय. त्यामुळे त्या काळचा बराचसा सस्पेन्स एकाच प्रश्नाभोवती फिरतो : आपल्यातला तो कोण? शेवटच्या प्रकरणात तो सापडतो, पकडला जातो आणि वाचक निवांत झोपतो.

मला या गोष्टी आवडतात, नाही असं नाही. पण कारखान्यात रोज जाणाऱ्या मुलीचा सस्पेन्स असा नव्हता. तिला माहीत नसलेल्या गोष्टींची यादी फार मोठी होती आणि त्यात हेर बहुतेक शेवटच्या नंबरावर असेल.

या मुली तिथे आल्या कशा, ते आधी बघू. १९४१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनने एक कायदा केला. वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि मूल नसलेल्या विधवा यांची सक्तीची भरती सुरू झाली. पर्याय ढोबळमानाने तीन होते : सैन्याच्या महिला शाखा, नागरी संरक्षण किंवा उद्योग. लग्न झालेल्या बायकांना या कायद्याने ओढून नेलं नाही, पण त्यांनाही नोंदणी करावी लागायची आणि त्यांच्यावरही कामासाठी दबाव होताच. सरकारी कागदावर बायकांचे दोन गट पडले, मोबाइल आणि इम्मोबाइल. हसू नका, खरंच हे शब्द होते! जिच्यावर घरची जबाबदारी नाही ती मोबाइल, म्हणजे तिला देशात कुठेही पाठवता येईल. जिच्या मागे नवरा, मुलं, घर आहे ती इम्मोबाइल, तिला जवळपासचंच काम. आज आपण खिशात घेऊन फिरतो तो शब्द तेव्हा एखाद्या बावीस वर्षांच्या पोरीच्या नावापुढे लागायचा आणि पुढच्या आठवड्यात तिला दोनशे मैलांवरच्या कुठल्याशा हॉस्टेलात जावं लागायचं. शिवाय त्याच वर्षीच्या आणखी एका हुकुमाप्रमाणे महत्त्वाच्या ठरवलेल्या कारखान्यातलं काम परवानगीशिवाय सोडताही येत नव्हतं. जमत नाही म्हणून राजीनामा, असला प्रकार नाही.

आता या कारखान्यांमधला सगळ्यात भीतिदायक प्रकार बघा. तोफगोळ्यांत आणि बॉम्बमध्ये दारू भरण्याचे कारखाने. आत जाताना अंगावरचे कपडे बदलायचे, कारखान्याचा झगा आणि टोपी घालायची, पायात मऊ तळाचे बूट. काडेपेटी नाही, सिगारेट नाही, अंगावर धातूची कुठलीच वस्तू नाही. केसातली पिनसुद्धा बाहेर. कारण धातूवर धातू घासला, एक ठिणगी उडाली, की संपलं. दारूच्या पुडीमुळे हातातोंडाची कातडी पिवळी पडायची. पहिल्या महायुद्धात अशा मुलींना ‘कॅनरी’ म्हणायचे, त्या पिवळ्या पक्ष्यावरून.

रहस्यकथा वाचणाऱ्याला सवय असते पिस्तूल शोधायची, विषाची बाटली शोधायची. इथे केसातली पिन हेच हत्यार. कोणाच्या मनात काही वाईट असायचीही गरज नाही. एखादी मुलगी रात्रपाळीच्या आधी घाईघाईत केस बांधून आली आणि एक पिन राहून गेली. बास. गुन्हेगार नाही, हेतू नाही, आणि तरी पुढचा क्षण कसा असेल ते कोणालाच माहीत नाही.

हे कल्पनेतलं नाहीये. लीड्स शहराजवळ बार्नबो नावाचा दारूगोळ्याचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात, ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री दहानंतर तिथल्या ४२ नंबरच्या खोलीत स्फोट झाला. रात्रपाळी नुकतीच सुरू झालेली. पस्तीस बायका गेल्या. काहींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यांवरून पटवावी लागली. आणि कारखान्याचं काम? थोडा वेळ थांबलं, मग पुन्हा सुरू. त्याच खोलीत काम करायला इतर मुली पुढे आल्या. या स्फोटाची बातमी तेव्हा छापली गेली नाही. मृत्यूच्या सूचना आल्या, पण कुठे, कसं, किती जणी, यातलं काही नाही. म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या तीन घरांत एकाच आठवड्यात सुतक आहे, सगळ्यांना कारण माहीत आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटेल. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. त्यात स्फोटकं होती, कापूस होता, सोन्याच्या विटाही होत्या. अख्ख्या शहराने तो आवाज ऐकला, आठशेच्या आसपास माणसं गेली, आग विझवताना अग्निशमन दलाचे सहासष्ट जण गेले. पण सेन्सॉर इतका कडक, की बाहेरच्या जगाला ही खबर आधी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. इथल्या बातमीदारांना सविस्तर बातमी बाहेर पाठवायला मे महिना उजाडला. कानांनी ऐकलेली गोष्ट कागदावर नाही, अशा वेळी माणसं काय करतात? कुजबुजतात. अफवा तयार होतात. लढाईच्या काळातला सस्पेन्स मला वाटतं मुख्यतः इथून येतो, सगळ्यांना थोडंथोडं माहीत असण्यातून.

अशा कारखान्याच्या आत शिरून लिहिणारी एक लेखिका होती, इनेझ होल्डन. विसाव्या दशकात लंडनच्या पार्ट्यांमध्ये दिसणारी, जॉर्ज ऑरवेलच्या ओळखीची. लढाई सुरू झाल्यावर ती कारखान्यात कामाला लागली. १९४१ साली तिची ‘नाइट शिफ्ट’ आली. लंडनमधला एक कारखाना, आठवडाभराच्या रात्री आणि डोक्यावर जर्मन विमानं. पुढे १९४४ साली दुसरी कादंबरी आली आणि तिचं नाव आहे ‘देअर्स नो स्टोरी देअर’. म्हणजे, तिथे काही गोष्टच नाहीये! स्टेटव्हेल नावाचा खेड्यातला एक अवाढव्य दारूगोळ्याचा कारखाना, हा तिने कल्पनेतून उभा केलेला. ट्रॉल्या हळूहळू ढकलायच्या, चेहऱ्याला मलम लावायचं, आत शिरताना काडेपेट्या जमा करायच्या. खून नाही, तपास नाही. पण वाचताना तुम्ही प्रत्येक ट्रॉलीकडे लक्ष देऊन बघता. ती हळू चाललीये ना? बाईंनी नाव काय खवचट दिलंय, हे पुस्तक संपल्यावर कळतं.

आता येऊ आपल्या मुख्य पात्राकडे.

सीलिया फ्रेमलिनचा जन्म १९१४ चा. ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात ती ग्रीक-लॅटिनचं अभिजात साहित्य शिकली. एवढं शिकून काय केलं? लोकांच्या घरी धुणीभांडी आणि झाडलोट. पैशांची नड होती म्हणून नाही. इंग्लंडमधला वर्गभेद आतून कसा दिसतो, ते तिला बघायचं होतं. त्यावर तिने १९४० साली ‘द सेव्हन चार्स ऑफ चेल्सी’ हे पुस्तक लिहिलं. मालकिणीच्या समोर कामवाली असली की मालकीण कशी बोलते आणि कामवाली खोलीतून बाहेर गेली की कशी बोलते, हे तिने दाराच्या दोन्ही बाजूंनी ऐकलं होतं. हा कान पुढे फार कामाला आला.

मग ती मास ऑब्झर्व्हेशन या संस्थेत गेली. १९३७ साली सुरू झालेला हा भन्नाट प्रकार होता. टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज या तिघांनी तो उभा केला. साध्या लोकांचं साधं आयुष्य नोंदवायचं. पबमध्ये कोण किती वेळ ग्लास धरून बसतं, लोक बसमध्ये काय बोलतात, हवाई हल्ल्याच्या भोंग्यानंतर काय करतात. दुसऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकणं हेच काम.

लढाईच्या मध्यावर फ्रेमलिन एका कारखान्यात दाखल झाली. विल्टशरमधलं माम्सबरी हे छोटं गाव. ईके कोल ही रेडिओ बनवणारी कंपनी तिथल्या एका जुन्या हवेलीत येऊन बसली होती आणि रेडिओऐवजी रडार बनवत होती. रडार म्हणजे त्या काळातलं सगळ्यात मोठं गुपित. फ्रेमलिन मशीन शॉपमध्ये कामाला बसली. आजूबाजूला बहुतेक मुली आसपासच्या खेड्यांतल्या, तरुण, काही भरतीतून लांबून आलेल्या. त्यांच्या दृष्टीने ती आणखी एक कामगार.

तिने जे पाहिलं ते १९४३ साली ‘वॉर फॅक्टरी’ या नावाने पुस्तकरूपात आलं. गावाचं नाव नाही, मालाचं नाव नाही. ते छापणं शक्यच नव्हतं. आणि आतला मजकूर सरकारी पोस्टरच्या बरोबर उलट! पोस्टरवर दंडाच्या बाह्या वर केलेली हसरी मुलगी असते, पाठीमागे आभाळात विमानं. इथे ज्या मुली आहेत त्यांना लढाई जवळजवळ आठवतच नाही. त्या बोलतात सिनेमाबद्दल, मुलांबद्दल, केसांबद्दल. सकाळ बरी जाते. दुपारनंतर वेळ असा काही ताणतो, की मिनिटकाटा हलत नाही. पाळी सुटायच्या पुष्कळ आधीपासून आवराआवर सुरू होते, हात धुवायला जायची निमित्तं निघतात. कंटाळा हाच त्या पुस्तकाचा खलनायक आहे, असं म्हटलं तरी चालेल.

वरच्या लोकांनी यावर एक सोपं लेबल लावलं असतं, बेफिकीर पोरी. फ्रेमलिन तिथेच थांबत नाही, म्हणून मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं. तुम्ही विचार करा. आपण जो तुकडा बनवतोय तो कशाचा, हे सांगायचं नाही. कुठे जाणार, माहीत नाही. त्याने कोणाचा जीव वाचणार की जाणार, माहीत नाही. किती दिवस करायचं? लढाई संपेपर्यंत, आणि ती कधी संपणार ते खुद्द चर्चिललाही ठाऊक नाही. घरी जाताना ब्लॅकआउटचा काळोख, दुकानं बंद. अशा मुलीने देशप्रेमाने भारावून जावं, ही अपेक्षाच मुळात अजब. ज्यांच्यापासून गोष्ट लपवलीये, त्यांनीच त्या गोष्टीत रस घ्यावा म्हणे.

बीबीसीने यावर उपाय म्हणून जून १९४० पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला होता. कारखान्यांत लाऊडस्पीकरवर दिवसातून दोनदा गाणी, म्हणजे हात चालत राहतील. तुमच्यातले निम्मे जण आत्ता हा एपिसोड काहीतरी काम करत करतच ऐकतायत, तेव्हा यावर मी जास्त बोलत नाही!

पुढे लढाई संपते, फ्रेमलिनला मुलं होतात. त्यातली दुसरी मुलगी अजिबात झोपत नाही. रात्रभर रडते. बाई रात्र रात्र जागी. आणि तिला वाटतं, जगातल्या एवढ्या बायका या प्रसंगातून जातात, मग यावर कोणी कादंबरी कशी लिहिली नाही? इथून आली ‘द आवर्स बिफोर डॉन’, १९५८ साली. एडगर मिळालं ते याच पुस्तकाला, १९६० मध्ये.

गोष्टीतली लुईझ ही लंडनच्या एका साध्या घरातली आई. दोन मुली आणि एक तान्हा मुलगा, मायकेल. मायकेल रोज रात्री रडतो. नवरा वैतागतो, शेजारीण तक्रार करते, तज्ज्ञ मंडळी सल्ले देतात, आणि घरात एक भाडेकरू बाई येते, मिस ब्रॅंडन. शिक्षिका, नीटनेटकी, नाव ठेवायला जागा नाही. लुईझला वाटतं, हिचं काहीतरी गडबड आहे. पण लुईझ तर झोपलेलीच नाहीये! तिच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तिचा स्वतःचाच बसत नाही. खरंच पाहिलं की डोळे मिटले होते तेव्हा दिसलं? एका रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून ती पोराला बाबागाडीत घालून बाहेर पडते. एका बाकावर टेकते. डोळा लागतो. जाग येते तेव्हा समोर बाबागाडी नसते.

पुढचं सांगणार नाही. स्पॉयलर देणारा माणूस मला स्वतःला चालत नाही.

पण एक सांगतो, आणि हे माझं वाचन आहे, फ्रेमलिनबाईंनी तसं कुठे म्हटलंय असा माझा दावा नाही. लुईझचं घर वाचताना मला सारखा माम्सबरीचा कारखाना आठवतो. तेच न हलणारं घड्याळ. तेच एकसुरी काम, पाळी मात्र चोवीस तासांची आणि हजेरीपट नसलेली. तेच वरून येणारे उपदेश, जे देणाऱ्याने ते काम एक दिवसही केलेलं नसतं. कारखान्यातल्या मुली थकल्या, तर कारण काय, तर त्यांना देशाची फिकीर नाही. घरातली आई थकली, तर तिला संसार जमत नाही. दोन्हीकडे बाईचा थकवा हा तिचा दोष धरला जातो आणि दोष धरला की मग तिचं ऐकायचं कारण उरत नाही. फ्रेमलिनने हे आधी नोंदवहीत पाहिलं. नंतर त्याच गोष्टीला तिने सस्पेन्सचं यंत्र बनवलं. धोका खराच आहे, पण ज्या एकमेव व्यक्तीला तो दिसतोय, तिचं म्हणणं ‘झोप घे गं जरा’ या वाक्याने उडवलं जातंय.

या विषयावरचं पडद्यावर काही बघायचं असेल, तर ‘बॉम्ब गर्ल्स’ ही कॅनडाची मालिका आहे, २०१२ ची. टोरोंटोतला दारूगोळ्याचा कारखाना. त्यात एक मुलगी खोटं नाव घेऊन कामाला लागलीये, कारण ती मारकुट्या बापापासून पळालीये. लढाईच्या गर्दीत कोणी कोणाची फारशी चौकशी करत नाही, म्हणून कारखाना तिला लपायची जागा वाटतो. शिवाय एक इटालियन वंशाचा कामगार आहे, ज्याच्याकडे सगळे संशयाने बघतात. मालिका मधूनमधून फार गोड होते, पण हा लपण्याचा धागा चांगला आहे. ब्रिटिश ‘फॉयल्स वॉर’मध्येही ‘ब्लीक मिडविंटर’ नावाचा एक भाग आहे, ज्यात दारूगोळ्याच्या कारखान्यातली मुलगी स्फोटात मरते आणि पोलीस अधिकारी फॉयलला प्रश्न पडतो की हा अपघातच का? आणि १९४३ चा ‘मिलियन्स लाइक अस’ हा सिनेमा. सस्पेन्स नाही, पण विमानाच्या कारखान्यात भरती झालेल्या मुलीची गोष्ट, आणि बनवणारे लाँडर आणि गिलियट. हिचकॉकच्या ‘द लेडी व्हॅनिशेस’ची पटकथा लिहिणारी हीच जोडी. त्या सिनेमातली क्रिकेटवेडी दोन पात्रं इथेही डोकावून जातात.

वाचायला सुरुवात कुठून करायची, तर ‘द आवर्स बिफोर डॉन’पासून. फेबरने ती अलीकडे पुन्हा छापलीये. होल्डनची पुस्तकंही हँडहेल्ड प्रेसने नव्याने काढली आहेत. इंग्रजी अवघड नाही. फ्रेमलिन छोट्या वाक्यांत लिहिते आणि मध्येच असा विनोद करते, की भीती वाटत असताना हसू येतं. ‘वॉर फॅक्टरी’ मिळवायला थोडी शोधाशोध करावी लागेल. मिळाली तर आधी कादंबरी वाचा, मग ती, आणि मग कादंबरीची पहिली चार-पाच पानं पुन्हा वाचा. घरात तान्हं बाळ असेल, तर बाळाच्या आईला हे पुस्तक देण्याआधी एक रात्र बाळाला तुम्ही सांभाळा, म्हणजे तिला ते जागेपणी वाचता येईल.

पुढच्या आठवड्यात भेटू.